नागपूर पेंचपर्यंत कसं पोहोचलं: अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान आणि तोतलाडोह

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुझं गाव पारशिवनी तालुक्यातलं. शिवेजवळून पेंच नदीवरच्या धरणाचा उजवा कालवा जातो आणि नागपूरला पाणी नेणारी मोठी पाइपलाइनही त्याच बाजूने गेली आहे. गावच्या नळाला मात्र उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी. आजोबा सांगतात की नागपूर आधी आपलंच पाणी प्यायचं. तू विचारतोस, "काका, मग ते आमच्यापर्यंत आलं कसं? अन् शहराने आमचं पाणी नेलं असं सगळे म्हणतात, ते कितपत खरं आहे?"

मी पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्यांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या कामांवर होतो. त्यातली बरीचशी वर्षं पेंचच्या कालव्यांवरच गेली. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि आता रामटेकजवळ गावीच राहतो. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आजोबा खरं सांगतात. नागपूर ही मुळात तळ्यांची वस्ती. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीकाठच्या खेड्यांतून हे शहर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने गावाभोवती कोट घातला आणि ओढा अडवून जुम्मा तलाव बांधला. आज त्याला गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात. पुढे भोसल्यांच्या काळात तळी वाढत गेली. सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव, सोनेगाव, तेलंगखेडीचा फुटाळा ही नावं तू ऐकलीच असशील. या तळ्यांतून नळ निघत नव्हते आणि लोक थेट तळ्याचं पाणी पीत होते असंही नाही. तळ्यात पाणी साठलं की आसपासच्या विहिरी भरत, आणि लोक पीत ते विहिरीचं. तळं जमिनीखाली पाणी मुरवायचं आणि विहीर ते गाळून वर द्यायची. ही जोडी नीट समजून घे, कारण पुढची सगळी गोष्ट ती जोडी तुटल्याची आहे.

आपल्या भागात ही विद्या फार जुनी. रामटेकच्या टेकडीवर केवल-नरसिंहाचं देऊळ आहे. तिथल्या वाकाटककालीन शिलालेखात 'सुदर्शन' नावाच्या जलाशयाचा उल्लेख आहे. त्या नावाचा खरा दबदबा गुजरातेतल्या गिरनारच्या पायथ्याशी. तिथला सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधला, अशोकाच्या काळात त्याला पाट काढले, आणि इसवी सन १५० च्या सुमारास तो फुटला तेव्हा रुद्रदामन राजाने तो पुन्हा बांधून काढला. प्रजेवर नवा कर न बसवता, वेठबिगार न लावता, स्वतःच्या खजिन्यातून हे केलं असं त्याने खडकावर कोरून ठेवलं आहे. वाकाटकांची राणी प्रभावती ही गुप्तांची लेक. तेव्हा ते नाव माहेरच्या बाजूने इकडे आलं असावं, असं मला वाटतं. रामटेकला गेलास की दर्शनासोबत हेही आठव.

आता नळाकडे येतो.

मुंबईत १८५४ साली पाण्याची भयंकर टंचाई झाली. तिच्यातून विहार तलावाचं काम उभं राहिलं आणि १८६० मध्ये तिथून लोखंडी नळांनी पाणी शहरात आलं. शहराबाहेर धरण, तिथून बंद नळ आणि शहरात तोट्या, ही रीत आपल्या देशात तिथून पसरली. नागपूर मागे राहिलं नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झालं आणि १८६४ मध्ये नगरपालिका आली. भोसल्यांच्या वेळची अंबाझरीची मातीची पाळ होतीच. ती उंच केली, साठा वाढवला आणि १८७३ मध्ये तिथून शहराला नळाचं पाणी सुरू झालं. पुण्याचं खडकवासला धरण त्यानंतर, १८७९ मध्ये पुरं झालं. नळाच्या पाण्यात नागपूर किती पुढे होतं ते यावरून कळेल.

अंबाझरीच का, हे जागेवर उभं राहिलं की लगेच ध्यानात येतं. नाग नदी पश्चिमेकडून, लाव्याच्या बाजूने येते. अंबाझरी तिच्या वरच्या अंगाला आहे आणि महाल-इतवारीचं जुनं शहर खालच्या अंगाला. त्या काळी पाणी उताराने नेता आलं तरच ते परवडायचं. सगळ्या जुन्या कामांचा जीव या उतारात आहे. रोमन लोकांनी दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरासाठी सुमारे ५० किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधला आणि एवढ्या अंतरात पाणी जेमतेम १२-१३ मीटर खाली उतरवलं. म्हणजे किलोमीटरला पाव मीटर. आपल्या मोठ्या कालव्यांचा उतारही साधारण तेवढाच असतो, किलोमीटरला वीस-पंचवीस सेंटिमीटर. जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो आणि गवत माजतं. दोन हजार वर्षांत पंप आले, संगणक आले, पण हा आकडा फारसा हलला नाही. मी पहिल्यांदा लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून कालव्याचा तळ तपासला तेव्हा हे मला माहीत नव्हतं. नंतर वाचलं आणि त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

उताराचीच दुसरी करामत बघायची असेल तर बुऱ्हाणपूरला जा. बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडून ते जवळ पडतं. तिथे १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरलेलं पाणी आडव्या बोगद्यांनी गोळा करून शहरात आणलं आणि बोगद्यांवर ओळीने कुंड्या ठेवल्या, शंभरच्या आसपास. मलिक अंबरने औरंगाबादेत केलेली नहर याच जातीची, आणि पुण्याला कात्रजहून पाणी आणणारं पेशव्यांचं कामही उताराचंच. ही सगळी कामं शहराच्या जवळच्या डोंगरावर अवलंबून होती. डोंगरात पाणी मुरणं थांबलं की कुंडी कोरडी. त्यामुळे राज्यकर्त्याला डोंगर सांभाळणं भाग होतं.

नागपूरला ते भान फार काळ राहिलं नाही. अंबाझरीचं नळाचं पाणी घरापर्यंत आलं आणि विहिरी मागे पडल्या. विहीर मागे पडली की तळ्याची गरज वाटेनाशी होते, आणि गरज नसलेल्या तळ्यात घाण टाकायला कुणाचा हात अडखळत नाही. नाग नदीचा नाला झाला. शहर वाढलं तसं अंबाझरी पुरेना, म्हणून १९१२ च्या सुमारास उत्तरेला गोरेवाडा तलाव बांधला. तोही पुरेना, म्हणून कन्हान नदीतून पाणी उचलायला सुरुवात झाली. इथे पहिल्यांदा शहराने उताराचं बोट सोडलं आणि पंपाचा हात धरला. पुढे वस्ती आणि कारखाने अंबाझरीच्या पाणलोटात शिरले, आणि ज्या तळ्याने नागपूरला पहिला नळ दिला त्याचं पाणी प्यायच्या लायकीचं राहिलं नाही.

तुझ्या प्रश्नातल्या 'कसं' या शब्दाचं उत्तर मी इथेच देतो. नागपूर पेंचपर्यंत आलं ते केवळ लोकसंख्या वाढली म्हणून नव्हे. जवळचं पाणी सांभाळलं नाही, म्हणून दूरचं शोधावं लागलं. अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान, पेंच. प्रत्येक उडी आधीपेक्षा लांब, आणि प्रत्येक उडीनंतर मागचं पाणी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. अमरावतीचं बघ. छत्री तलाव आणि वडाळी तलाव हे तिचे इंग्रज अमदानीतले साठे. आज ती मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धाच्या धरणातून पाणी आणते. अकोल्याचा कापशी तलाव गेला आणि काटेपूर्णेचं महान धरण आलं. नावं बदलली की तीच गोष्ट पुन्हा सांगता येते.

पेंचवर दोन धरणं आहेत आणि दोन्ही वेगळ्या कामाची. वरचं तोतलाडोह, मध्य प्रदेशच्या सीमेवर, जंगलात. उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी. तिथे १६० मेगावॅटची वीज तयार होते आणि ती दोन राज्यांत वाटली जाते. विजेसाठी सोडलेलं पाणी खाली नवेगाव खैरीला अडवलं जातं, उपयुक्त साठा सुमारे १४२ दलघमी. तुझे कालवे निघतात ते इथून. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर.

प्रकल्प आखला तेव्हा त्यात सिंचन होतं आणि वीज होती. कामठी, मौदा, रामटेक, पारशिवनी इथल्या वावरांसाठी कालवे होते. १९८० च्या दशकापासून नागपूर पेंचवर येऊ लागलं तेव्हा शहरासाठी वेगळी वाट नव्हती. उजव्या कालव्यातूनच पाणी महादुल्यापर्यंत यायचं, तिथून पंपाने गोरेवाड्याला, तिथे शुद्ध करून शहरात. म्हणजे शेताचा पाट आणि शहराचा नळ बरीच वर्षं एकच होता.

त्या वर्षांत मी कालव्यावर होतो.

मातीच्या कालव्यातून लांबवर पाणी नेलं की त्यातला तिसरा हिस्सा सहज वाटेत जातो. काही झिरपतं, काही उडतं, काही रात्री सायफनने वावरात जातं. शहराला वेळेवर आणि पूर्ण दाबाने पाणी हवं, म्हणून उन्हाळ्यातही कालवा भरून चालवावा लागायचा. एक म्हातारे कालवा चौकीदार माझ्यासोबत असायचे. अक्षर येत नव्हतं, पण भरावाच्या बाहेरच्या अंगाला हात लावून ओल कुठून येते ते सांगायचे. झिरपणारं पाणी निवळ असेल तर ते नुसती खूण करून ठेवत. गढूळ दिसलं की पळत सुटत, कारण गढूळ म्हणजे पाण्याने आतली माती उचलायला सुरुवात केली, आता फूट दूर नाही. मी पुस्तकात हेच शिकलो होतो, पण हाताने शिकलो ते त्यांच्याकडून. नाल्यावरून कालवा जिथे पुलासारखा जातो त्या जलसेतूंवर ते सर्वांत आधी जायचे. दगडी बांधकाम आणि मातीचा भराव जिथे भेटतात तिथेच पाणी वाट शोधतं.

एप्रिलमधली एक दुपार माझ्या मनातून जात नाही. शहराची पाळी चालू होती. कालवा काठोकाठ भरलेला आणि मायनरच्या, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या पोटकालव्याच्या, गेटांना कुलपं. एक बाई दोन म्हशी घेऊन आली. म्हणाली, "साहेब, पाणी तं आमच्याच धुऱ्यावरून चाललं, अन् आमचीच ढोरं तहानेली हायेत." ढोरांना पाणी पाजायला घाट होता, तो मी दाखवला. तिने मग गेटाकडे बोट केलं. तिच्या वावरात उन्हाळी भुईमूग होता. मी कुलूप उघडलं नाही. आदेश तसाच होता, आणि त्याच पाण्यावर शहरातली लाखो माणसं होती. तरी ते उत्तर मी तिला देऊ शकलो नाही आणि मान खाली घालून निघालो. वरच्या कार्यालयात मी दोनदा लिहून दिलं होतं की शहराची पाळी चालू असताना मायनरला आठवड्यातून काही तास तरी द्यावेत. त्या पत्रांना उत्तर आलं नाही.

पुढे महापालिकेने नवेगाव खैरीपासून महादुल्यापर्यंत २३०० मिलिमीटर व्यासाची पोलादी पाइपलाइन टाकली. आत उभा माणूस सहज चालेल एवढी. तुझ्या शिवेजवळची ती हीच. कालव्यात वाया जाणारं पाणी वाचलं, हा मोठा फायदा, आणि अभियंता म्हणून मी त्याच्या पूर्ण बाजूचा आहे. पण गावांचं एक नुकसान झालं, आणि त्याचा हिशोब मी तरी कुठे पाहिला नाही. कालवा झिरपायचा म्हणून काठच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहायचं. शहराचं पाणी बंद नळात गेलं तसं ते झिरपणंही गेलं. तुझ्या वडिलांना विचार, विहिरीची पातळी कधीपासून खाली गेली.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. शहराने तुमचं पाणी नेलं का?

कायद्याच्या भाषेत पिण्याच्या पाण्याला पहिला मान, आणि तो असायलाच हवा. २००३ च्या राज्य जलधोरणात पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. विदर्भातून त्यावर मोठी ओरड झाली आणि २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. मधल्या काळात अनेक धरणांतलं सिंचनाचं पाणी कागदावर दुसरीकडे वळलं होतं.

आकड्यांत बघू. शहरी माणसाला रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं प्रमाण. जलजीवन मिशनमध्ये, २०१९ पासून, खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर. त्याआधी ४० होतं. शहरात गटारं वाहती ठेवायला जास्त पाणी लागतं हे कारण खरं आहे, पण तुझ्या आईला दोन म्हशी आणि अंगण सांभाळून ५५ लिटरमध्ये भागवायचं असतं, हेही तितकंच खरं.

धानाच्या एका हेक्टरला रोवणीपासून कापणीपर्यंत पाऊस धरून साधारण १२०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे १२,००० घनमीटर. एका शहरी माणसाला १३५ लिटरच्या हिशोबाने वर्षाला ४९ घनमीटर. म्हणजे एका हेक्टरच्या धानात सुमारे २४० माणसांचं वर्षाचं पिण्यावापरण्याचं पाणी आहे. हे मी शेतकऱ्याला दोष द्यायला सांगत नाही. धानाचं बरंचसं पाणी पाऊसच देतो आणि कालव्याची गरज लागते ती खंड पडला की. पण यातून दोन गोष्टी दिसतात. पिण्यापुरतं पाणी शेतीच्या मानाने फार नसतं, त्यामुळे शहराला प्यायला दिलं म्हणून शेती बुडाली हे तेवढ्यापुरतं खरं नाही. आणि शहराचं पाणी बारा महिने, रोज, ठरलेल्या वेळी लागतं. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी ते आधी राखून ठेवावं लागतं आणि सगळा तुटवडा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या अंगावर येतो. भांडण पाण्याच्या प्रमाणाचं कमी आणि तुटवडा कुणी सोसायचा याचं जास्त आहे.

२०१८-१९ मध्ये ते उघड दिसलं. वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने पेंचवर चौराई धरण बांधलं होतं. त्यांच्या वाट्याचं पाणी त्यांनी अडवलं आणि पाऊसही कमी झाला. तोतलाडोह भरलं नाही. पेंचच्या शेतकऱ्यांच्या पाळ्या गेल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहच्या मृत साठ्यातून (एरवी न वापरता तळाशी ठेवलेल्या पाण्यातून) नागपूरला पाणी द्यावं लागलं आणि जुलैमध्ये शहरात आठवड्यातले तीन दिवस नळ बंद ठेवावे लागले. त्या जुलैत नागपूरकरांना पहिल्यांदा नीट कळलं की आपलं पाणी कुठून येतं. तेव्हापासून कन्हानचं पाणी लोहघोगरीहून बोगद्याने तोतलाडोहमध्ये आणायची चर्चा आहे. म्हणजे आणखी एक उडी.

ती उडी घेण्याआधी एक काम करता येतं, आणि नागपूरने त्याची सुरुवात केलीही आहे. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रंही पेंचवरच होती. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून रोज १३० दशलक्ष लिटर कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा प्रकल्प झाला. वर्षाचा हिशोब केलास तर हे सुमारे ४७ दलघमी होतात. नवेगाव खैरीच्या उपयुक्त साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा! वीज केंद्राला थंडाव्यासाठी पाणी लागतं, तिथे पेंचचं निवळ पाणी उडवणं मला नेहमी खुपायचं. हे काम वाढत गेलं तर पेंचमध्ये खरंच पाणी मोकळं होतं. पण मोकळं झालेलं पाणी शेतीच्या नावावर लिहिलं गेलं तरच ते तुमचं. नाहीतर शहराच्या पुढच्या वाढीत ते मुकाट्याने जिरतं. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तुमच्या पाणी वापर संस्थेने विचारायचा प्रश्न हाच आहे: वाचलेलं पाणी कोणत्या खात्यात गेलं? लेखी विचारा.

सांडपाण्याची दुसरी बाजूही आहे. शहराने वापरलेलं पाणी नागमधून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयाला जाऊन मिळतं. पेंचच्या गावांनी चांगलं पाणी दिलं आणि भंडाऱ्याकडच्या गावांना ते काळं होऊन मिळालं. शहराच्या पाण्याचा विचार करताना लोक फक्त वरच्या टोकाकडे बघतात. खालचं टोकही कुणाच्या तरी दारात उघडतं.

विजेचंही सांगतो, कारण त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर चढवायला, पंप अगदी निर्दोष धरला तरी, पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. खऱ्या पंपाला त्याच्या दीडपट धर. शहराच्या हिशोबाने हे रोज लाखो घनमीटरला लागू होतं. अंबाझरीचं पाणी उताराने यायचं, त्याला हा खर्च नव्हता. जवळचा साठा सोडून दूरचा धरला की हे बिल कायमचं मागे लागतं. मग जुनी तळी सांभाळायला पैसे नाहीत असं म्हणतात!

आणि न सांभाळलेलं तळं नुसतं पडून राहत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं गेली. प्यायला उपयोग संपला म्हणून धरण धरण असायचं थांबत नाही. पाळ, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची जागा) आणि सांडव्याखालची वाट मोकळी ठेवावीच लागते. दीडशे वर्षांपूर्वी ती पाळ उंच करणाऱ्यांच्या डोक्यात हे पक्कं असणार. सांडव्याखाली पुढे शहर बांधणाऱ्यांच्या डोक्यातून ते निघून गेलं.

आता तुझ्या गावाचं. मला खरं तर यावरच जास्त लिहायचं होतं.

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि आपल्या नागपूरच्या पूर्व भागात मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी गावच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले. गोंड राजांनी नियम केला होता की जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन. कोहळी समाजाने या विद्येत नाव काढलं. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. त्यांनी दोन टेकड्यांमधली खिंड हेरून छोटी पाळ घातली आणि केवढं मोठं पाणी अडवलं! वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत (छोट्या तलावात) आणि बोडीचं पाणी बांधीत (धानाच्या वावरात), अशी साखळी. गाळ दर उन्हाळ्यात वावरात जायचा, पाळ दर पावसाळ्याआधी गाव मिळून चोपायचं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे गेले आणि गावाचा हात सुटला. पाळीवर बाभळी उगवल्या, मुळांनी पाळ पोखरली, सांडव्यावर कुणी अतिक्रमण केलं. शहराने अंबाझरीशी जे केलं तेच आपण बोडीशी केलं. हे मी शहरावरचा राग थोडा बाजूला ठेवून सांगतो आहे.

तुझ्या गावाला बोडी आहे, तू लिहिलंच आहेस, आणि मार्चमध्ये ती आटते. तहसील कार्यालयातून गावाच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढ. त्या बोडीवर कुणाचा कोणता हक्क लिहिला आहे ते त्यात असतं. ढोरांना पाणी, वावराला पाणी, गाळ नेण्याचा हक्क, हे सगळं त्या जुन्या कागदांत मिळतं आणि ग्रामसभेत त्याचं वजन मोठं असतं.

गाळ काढायला निघालात तर घाई करू नका. गाळमुक्त धरण योजनेत पोकलेन येतं आणि उत्साहात सगळं खरवडून टाकतं. पाळीच्या पायथ्यापासून किमान दहा-पंधरा मीटर सोडून खोदा. तिथली माती काढली की पाळच सरकते. आणि वरचा काळा, मऊ गाळ संपून चिकट माती लागली की थांबा. त्या चिकट थरामुळेच बोडीत पाणी टिकतं. तो फोडलात तर पहिल्या वर्षी बोडी भरलेली दिसेल आणि डिसेंबरातच कोरडी पडेल. मी हे तीन गावांत झालेलं पाहिलं आहे. उघड्या पाण्याचा आपल्याकडे वर्षाला साधारण दीड मीटर थर नुसता उन्हाने उडतो. म्हणून बोडी पसरट ठेवण्यापेक्षा मध्ये खोलगट असलेली बरी.

आणि सांडव्याची पातळी वाढवू नका. जास्त पाणी राहावं म्हणून लोक सांडव्यावर विटांचा थर घालतात. मोठा पाऊस आला की पाणी सांडव्याऐवजी पाळीवरून जातं, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती तासाभरात जाते. पाळीचा माथा सांडव्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा. किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं.

फेब्रुवारीत पाणी उतरलं की मी येतो. लेव्हल आणि टेप माझ्याकडे आहे. दांडी धरायला दोन पोरं लागतील, आणि पाळीवरच्या बाभळी मोजून ठेवा, कोणत्या कापायच्या आणि कोणत्यांची मुळं आतच ठेवायची ते जागेवर बघू.